मुंबईची पार्टी

चौपन्नाव्या वर्षी माणसानं गुडघे जपावेत, असं आमच्या सौ.चं मत आहे. ती डॉक्टर आहे. सिंहगड रस्त्यावरच्या तिच्या दवाखान्यात याच मतासाठी लोक तीनशे रुपये मोजतात. मला ते फुकट मिळतं, म्हणून मी ऐकत नाही.

गुडघ्यांचा संबंध असा, की मला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. जुनी, अर्थात. नवी घ्यायची तर फ्लॅट विकावा लागला असता आणि त्याच्याबरोबर पार्किंगही गेलं असतं.

हे खूळ आजचं नाही. वडिलांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला तेव्हा मी दुसरीत होतो. स्कूटर दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. अशा घरात वाढलेल्या पोराला वेगापेक्षा वाट बघण्याचा सराव जास्त. नव्वदचं दशक संपता संपता ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन सीटांची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची देशी गाडी निघाली. तिचा फोटो कापून मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची ‘अवंती’ आली तेव्हा त्या ड्रॉवरमध्ये फ्लॅटच्या हप्त्यांची फाइल होती. आता हप्ते संपलेत, मुलगी नोकरीला लागलीय, आणि एका रात्री मोबाइलवर मला ती दिसली. निळी, दोन सीटांची, छप्पर बटणानं डिक्कीत जाणारी. नवी होती तेव्हा साठ-सत्तर लाखांची, आता साडेअठरा. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. बिचारीचा यात काही दोष नव्हता.

फोन केला.

“ती निळी टू सीटर आहे का अजून?”

“सर, कुठून बोलताय?”

“पुण्यातूनच. गाडी आहे ना?”

“सर, बजेट काय आहे आपलं?”

“तुम्हीच लिहिलंय ना साडेअठरा. आहे का गाडी?”

“सर, लोन करणार की कॅश?”

हो किंवा नाही या दोन शब्दांची आशा मी सोडली तेव्हा तो म्हणाला, “या ना सर तुम्ही. बसून बोलू.” या धंद्यात सगळं बसून होतं. किंमत बसून कमी होते, कागद बसून क्लिअर होतात. उभ्या माणसाला तिथं कुणी काही सांगत नाही.

जायच्या आधी जाहिरात पुन्हा नीट वाचली. या जाहिरातींचा एक वेगळा शब्दकोश काढायला हवा. ‘सिंगल हँड’ म्हणजे एकच मालक. पण तो मालक एखादी कंपनी असेल, तर मोठ्या साहेबांपासून त्यांच्या भाच्यापर्यंत सगळ्यांचे हात मिळून एकच हँड धरतात. ‘मायनर टच’ म्हणजे गाडी कशाला तरी लागलेली आहे. कशाला, ते विचारायचं नाही. ‘नॉन-अॅक्सिडेंट’ म्हणजे ज्याला लागली त्यानं तक्रार केलेली नाही. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘डॉक्टर ओन्ड’. पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक चांगली गाडी डॉक्टरची असते. इतके डॉक्टर इतक्या गाड्या इतक्या जपून चालवत असतील, तर पेशंट बघतं कोण?

माझी अडचण वेगळीच. मी एका डॉक्टरची गाडी आतून बघितलेली आहे. आमच्या वॅगन-आरच्या डॅशबोर्डवर औषध कंपन्यांची अकरा पेनं आहेत, त्यातलं एकही उमटत नाही. मागच्या सीटवर मे महिन्यात खोकल्याच्या औषधाचं सॅम्पल फुटलं, तेव्हापासून त्या सीटला मुंग्या जेवायला येतात. क्लचप्लेट तीनदा बदलून झाली, कारण सौ.चा डावा पाय नाडी धरल्यासारखा सतत क्लचवर असतो. ‘डॉक्टर ओन्ड’ वाचून खरं म्हणजे मी तिथंच थांबायला हवं होतं.

पण थांबलो नाही. शनिवारी बाणेरला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून असलेल्या त्या काचेच्या शोरूममध्ये गेलो. फोनवरचा पोरगा दारातच भेटला. टोकदार बूट, दोन मोबाइल. त्यानं माझ्या केसांकडे बघितलं, पोटाकडे बघितलं, माझ्यामागून आणखी कुणी येतंय का तेही बघितलं आणि विचारलं, “या काका! मुलासाठी बघताय का?”

फोनवर मी ‘सर’ होतो. दारात ‘काका’ झालो. हा प्रवास फक्त वीस पावलांचा होता.

गाडी मात्र खरंच सुंदर होती. फोटोत तिच्या नंबरप्लेटवर डीलरच्या नावाची पट्टी होती, इथंही होती. बसायला गेलो. स्पोर्ट्स कारमध्ये माणूस बसत नाही, तो खाली उतरतो. विहिरीत उतरावं तसा. आधी उजवा हात छपराला, मग कंबर, मग ‘आई गं’, मग डोकं, आणि सगळ्यात शेवटी बाहेर राहिलेला पाय हातानं उचलून आत. बसल्यावर मात्र तो चामड्याचा वास, ते लहानसं स्टिअरिंग, डोळ्यांसमोर पसरलेलं लांबलचक बॉनेट! किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

“रोज स्टार्ट करतो काका. आजच राहिलं.”

शेजारच्या इनोव्हाची बॅटरी आणि तांब्याच्या वायरी लावून स्पोर्ट्स कार जागी झाली. जागी झाल्या झाल्या रिझर्व्हचा दिवा लागला. “आधी पेट्रोल टाकून घेऊ काका,” तो म्हणाला. ‘घेऊ’ हे क्रियापद फसवं आहे. त्यात दोघं असतात आणि पैसे एकाचेच. टाकीच्या झाकणाआत किमान ९५ ऑक्टेनचं स्टिकर होतं. आपल्याकडचं साधं पेट्रोल तेव्हा ९१चं. “चालतं का साधं?” “सगळं चालतं काका.” पंपावर हजार रुपये देऊन मी परक्याच्या गाडीत साधं पेट्रोल भरलं.

आणि मग स्पीडब्रेकर आले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर गोलाईदार असावा, उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. या गाडीचं पोट रस्त्यापासून फार तर १२ सेंटिमीटरवर. हिशोबानं दोन सेंटिमीटर शिल्लक राहतात, आणि मी उभा जन्म अकाउंट्समध्ये काढलेला माणूस, मला शिल्लक दिसली की बरं वाटतं. पण रोड्स काँग्रेसचं पुस्तक आमच्या भागापर्यंत पोचलेलं नाही. इथं उरलेलं डांबर ज्याच्या दारात ओतलं जातं, त्याच्या दारात स्पीडब्रेकर होतो. पहिल्याच ब्रेकरला पोरगा म्हणाला, “थांबा काका, मी उतरतो. वजन कमी होतं. तुम्ही तिरकी काढा.” तो उतरला, मी तिरकी काढली, मागच्या रिक्षावाल्यानं माझ्या घराण्याची चौकशी केली. पुढच्या ब्रेकरला पुन्हा उतरला. चौथ्यानंतर तो चढलाच नाही. तो फुटपाथवरून चालत होता आणि मी त्याच्या बरोबरीनं स्पोर्ट्स कार चालवत होतो. मध्येच तो एका ओळखीच्याशी बोलायला थांबला, तेव्हा मीही थांबलो.

मग सर्व्हिस रोडचा एक रिकामा, सपाट तुकडा मिळाला. पोरगा आत बसला, त्यानं ‘स्पोर्ट’ लिहिलेलं बटण दाबलं आणि मी पाय दाबला.

त्या दहा सेकंदांबद्दल मी विनोद करणार नाही. पाठीला मागून कुणीतरी मायेनं थोपटावं तसा धक्का बसला, इंजिनाचा आवाज कानाऐवजी बरगड्यांत वाजला, आणि मी मोठ्यानं हसलो. इतक्या मोठ्यानं मी शेवटचा कधी हसलो होतो, आठवत नाही. पोरग्यानं ते हसू ऐकलं. गिऱ्हाइकाचं हसू ऐकणं हाच त्याचा धंदा.

परत आल्यावर चहा आला, आणि चहाबरोबर मुंबईची पार्टी आली. म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. मुंबईची पार्टी कधीच प्रत्यक्ष येत नाही. ती ‘उद्या सकाळी’ येणार असते. फ्लॅट बघा, प्लॉट बघा, जुनी गाडी बघा, तुमच्या मागोमाग मुंबईची पार्टी निघालेली असते, तिच्याकडे रोख पैसे असतात आणि तिला भाव करायची सवय नसते. पुण्याचा माणूस भुताला भीत नाही. मुंबईच्या पार्टीला भितो.

“टोकन टाकून ठेवा. गाडी लॉक करतो तुमच्यासाठी. नाही आवडली तर सात दिवसांत परत.”

“किती टाकू?”

“एकावन्न.”

“पन्नास का नाही?”

“एकावन्न शुभ असतं, दादा.”

फोन पुढे करून मी ५१,००० पाठवले. ‘दादा’ झालो ते त्या क्षणी. माझ्या हिशोबानं ‘काका’ ते ‘दादा’ या बढतीला इतका खर्च फार नाही. लोक केस काळे करण्यात याहून जास्त घालवतात.

पुढच्या रविवारी सौ. आणि आमचा मेस्त्री यांना घेऊन गेलो. मेस्त्री वॅगन-आरचा कुलवैद्य. त्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, “साहेब, चुंबक आणा.” पत्र्यावर नुसता रंग असला की चुंबक चिकटतं, खाली पुट्टी भरलेली असली की गळून पडतं. मी फ्रिजवरून महाबळेश्वरची रबरी स्ट्रॉबेरी काढून खिशात टाकली होती.

आत शिरताच मी आधी मीटर बघितला. सवय. मागच्या खेपेला ४१,२१० होता, आता ४१,२९६. मीटर मागे जातात असं ऐकून होतो, हा पुढे गेला होता. दार उघडलं तर कार्पेटवर अक्षता. तांबड्या, ताज्या. वायपरच्या फटीत झेंडूची एक पाकळी. कुणाच्या तरी वरातीला माझी टोकन टाकलेली गाडी नवरदेव घेऊन गेली होती.

“ट्रायल असतात ना काका,” पोरगा म्हणाला.

आता याला कायदा आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रानं नियम काढले, १ एप्रिल २०२३पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरनं परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं, आणि गाडी बाहेर नेली की कुणी नेली, कशासाठी, किती किलोमीटर, हे ट्रिप रजिस्टरमध्ये लिहायचं. मी रजिस्टर मागितलं. त्यानं पाणी आणून दिलं.

तोवर मेस्त्रीनं बॉनेटवर स्ट्रॉबेरी ठेवली होती. ती घसरून खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. त्यानं इकडे ठेवली, तिकडे ठेवली, मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. “साहेब, अख्खं बॉनेट पुट्टीचं आहे.”

पोरग्याच्या चेहऱ्यावर गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदाच खरा आनंद दिसला. “अॅल्युमिनियम आहे ते! या गाड्यांना बॉनेट अॅल्युमिनियमचं असतं. त्याला चुंबक चिकटत नाही, मामा.”

मेस्त्री ओशाळला. वीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या माणसाला पोरासोरानं धातू शिकवावा, हे वाईटच. तो काही न बोलता गाडीच्या मागच्या अंगाला गेला. उजव्या मडगार्डला स्ट्रॉबेरी लावली. चिकटली. डाव्या मडगार्डला लावली. पडली. पुन्हा उजवीकडे. चिकटली. पुन्हा डावीकडे. पडली. मग त्यानं ती उचलली, शर्टाला पुसली आणि पोरग्याला अगदी नम्रपणे विचारलं, “हे डावं पण अॅल्युमिनियम का, दादा?”

शोरूममध्ये फक्त एसीचा आवाज होता.

“मायनर टच असेल,” पोरगा म्हणाला.

मग कागद मागितले. पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य. लागोपाठ पाच वर्षं क्लेम नसला की हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढतो. ‘नॉन-अॅक्सिडेंट’ गाडीचा तो जमिनीवर होता, गाडीच्या पोटासारखाच. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन टायर २०१५चे निघाले, चौथा २०२२चा आणि वेगळ्याच कंपनीचा. तो डावा मागचा. मडगार्डची आणि त्याची गोष्ट एकच होती. नंबरप्लेटवरची पट्टी मेस्त्रीनं नखानं उचलली, तर खाली दिल्ली.

दिल्लीतलं प्रकरण असं, की तिथं डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मुदत आली, २०१८ला सुप्रीम कोर्टानं ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिथल्या वयस्कर गाड्या देशभर यात्रेला निघाल्यात. एक बाणेरला थांबली होती. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांवर इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो; त्यासाठी फॉर्म २८ची एनओसी, नाव बदलायला २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर ३५, आणि वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं. आयात झालेल्या गाडीचा टॅक्स ऐकूनच मी खुर्ची शोधली. “ते सगळं आपण करून देऊ,” पोरगा म्हणाला. पुन्हा तेच अनेकवचन.

सौ. इतका वेळ शांत होती. आता तिनं छप्पर उघडून दाखवायला सांगितलं. पोरग्यानं बटण दाबलं. डिक्कीचं झाकण मागे झालं, छप्पर ऐटीत उचललं गेलं, काटकोनात आलं आणि तिथंच थांबलं. पुढे जाईना, मागे येईना. आत काहीतरी करकरत होतं. सौ.नं चष्मा वर करून बघितलं.

“फ्रोझन शोल्डर,” ती म्हणाली. “अहो, चला.”

टोकन परत मागायला मी त्याच दिवशी सुरुवात केली. सात दिवसांचे सतरा झाले. माझे पैसे ‘प्रोसेस’मध्ये होते. मग ‘अकाउंट्स’कडे गेले. अकाउंट्समध्ये अशी माणसंही असतात, हे मला माझ्याच क्षेत्राबद्दल नव्यानं कळलं. मग शेठ गावाला गेले. फोनवर मी आधी ‘काका’ होतो, मग ‘ओ काका’ झालो, शेवटी नुसताच ‘हं, बोला’ राहिलो. एकदा तो म्हणाला, त्याच पैशात वर थोडे घालून दुसरी गाडी बघा ना, एका डॉक्टरची आलीय.

अठराव्या दिवशी न कळवता गेलो. निळी गाडी तिथंच होती, छप्पर खाली बसलेलं, धुऊनपुसून चकचकीत. तिच्याजवळ एक गृहस्थ उभे होते. माझ्याच वयाचे, माझ्याच पोटाचे, हातात हेल्मेट. त्यांचा एक हात बॉनेटवर होता, आणि तो तिथं कसा असतो हे मला माहीत होतं.

पोरगा त्यांना सांगत होता, “सर, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण एका पार्टीनं टोकन टाकून ठेवलंय. एकावन्न हजार. घरात डॉक्टर आहेत. पावती दाखवतो ना.” इतक्यात त्याला मी दिसलो. क्षणभरच गडबडला, मग हात पुढे करून म्हणाला, “हे बघा, आलेच ते.”

पैसे परत का मिळत नव्हते, ते मला तेव्हा कळलं. मुंबईची पार्टी मीच होतो. गेले अठरा दिवस मी उद्या सकाळी येणार होतो.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत जरा राग होता, बरीचशी घाई होती. पोरगाही बघत होता. माझ्या खिशात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी होती. का कोण जाणे, त्या रविवारपासून ती मी फ्रिजला परत लावलीच नव्हती.

“मग, घेताय का तुम्ही?” गृहस्थांनी विचारलं.

“आज संध्याकाळपर्यंत ठरवतो म्हणालोय,” मी म्हणालो. “तुम्हाला घ्यायची असेल तर आधी बोला, दादा.”

स्ट्रॉबेरी मी खिशातच राहू दिली. पैसे तिसऱ्या दिवशी जमा झाले, पूर्ण ५१,०००.